एक्केचाळीस मालकांचं कार्टन

महादेव धोंडू मेस्त्रीने कुवेतमध्ये चौदा वर्षं काढली, आणि एवढ्या वर्षांत तिथे त्याच्या नावावर एकच गोष्ट झाली. ती म्हणजे मंगाफ वस्तीतल्या खोलीतला टेलिफोन. तो तरी त्याच्या नावावर का, तर सत्त्याण्णव साली अर्ज भरायच्या दिवशी खोलीतल्या सात जणांपैकी सहा जणांची ओळखपत्रं नूतनीकरणासाठी कंपनीच्या कारकुनाकडे अडकली होती आणि एकट्या महादेवचं खिशात होतं. "काकांच्या नावावर करूया, काका तर कायमचे," असं पोरं म्हणाली. कायमचे म्हटल्यावर महादेवला बरं वाटलं. माणूस फसतो तो असाच, बरं वाटून.

फोनशेजारी एक वही ठेवली होती. कुणी किती मिनिटं गावाला बोललं ते तिच्यात लिहायचं आणि महिनाअखेरीस आपापले पैसे द्यायचे. महादेव दर शुक्रवारी तीन मिनिटं बोलायचा आणि तीन लिहायचा. शैलेशचं नुकतंच लग्न ठरलं होतं. त्याच्या चाळीस मिनिटांतलं शून्य वहीत नेहमीच पुसट यायचं. दोन वर्षांनी बिल झालं एकशे शहाऐंशी दिनार अडीचशे फिल्स. तोवर शैलेश नोकरी सोडून गावी गेला होता, रितेश दुबईला पळाला होता, आणि वहीच्या शेवटच्या पानांत कुणीतरी सुकट बांधून नेली होती. महादेवचा पगार पासष्ट दिनार. त्यातले पन्नास दर महिन्याला खाडीकाठच्या त्याच्या गावी, राजापूर तालुक्यात, जायचे. उरलेल्या पंधरात खाणं, चहा, दाढी आणि अडीनडी.

फोन तोडला गेला. मग नोटीस आली. महादेव कचेरीत गेला आणि खिडकीतल्या माणसाला हिंदीत म्हणाला की हे बोलणं माझं नाही. त्या माणसाने विचारलं, नाव कुणाचं? महादेव म्हणाला, माझं. झालं, त्या माणसाने पुढच्याला बोलावलं. नाव एकाचं आणि तोंड दुसऱ्याचं, हा प्रकार लिहायला त्यांच्या कागदावर जागाच नव्हती.

नव्याण्णवच्या मे महिन्यात महादेवला सुटी मिळाली. मुलीचं, समिधाचं, लग्न ठरलं होतं. गुरुवारचं विमान होतं. सोमवारी सकाळी मीना अब्दुल्ला भागातल्या कामावर बाकीचे सगळे गेले, फक्त महादेव आणि रात्रपाळी करून आलेला पुंडलिक खोलीत होते. महादेव कार्टन बांधून नुकताच उठला होता, तेवढ्यात दार वाजलं.

दारात पांढरा पायघोळ दिशदाशा घातलेला एक वयस्कर कुवेती उभा होता. हातात चामड्याची बॅग. लिफ्ट बंद, तीन मजले चढून त्याला धाप लागली होती आणि उजवा गुडघा त्याने हाताने धरून ठेवला होता. त्याने आधी खाटेकडे बोट दाखवलं, बसला, पाणी मागितलं, प्याला, आणि मग खिशातून कागद काढून महादेवचं नाव वाचलं.

"कोन हा?" पुंडलिक पांघरुणातून म्हणाला.

"काय म्हायत. पाणी प्यालान," महादेव म्हणाला. "तू फारूकभायला हाक मार."

फारूक इमारतीखालचं किराणा दुकान चालवायचा. खाडीच्या या तीराला महादेवचं गाव, त्या तीराला फारूकचं. बावीस वर्षं कुवेतमध्ये राहून त्याचं अरबी इतकं सफाईदार झालं होतं की पोलीससुद्धा त्याच्याशी आदराने भांडत. तो वर आला, म्हाताऱ्याशी अर्धा मिनिट बोलला, आणि महादेवकडे वळला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"म्हादेव, ह्ये कोर्टाचं बेलीफ हायत. अबू फैसल. फोनच्या बिलाची जप्ती आनलीय."

अबू फैसल म्हणजे फैसलचे बाबा. तिथे मोठ्या माणसाला त्याच्या मुलाच्या नावानेच हाक मारतात. या अबू फैसलने सगळा नियम शांतपणे समजावून सांगितला आणि फारूकने तो मराठीत आणला. खोलीत महादेवच्या मालकीचं जे सापडेल ते लिहायचं, उचलायचं आणि लिलावात काढायचं. अंगावरचे कपडे, अंथरूण आणि धंद्याची हत्यारं सोडून. काहीच सापडलं नाही तर तसं लिहून द्यायचं. मग न्यायाधीश महिना पाच दिनार हप्ता बांधून देणार आणि महादेव गुरुवारी खुशाल जाऊ शकणार.

"आनि दुसऱ्याची वस्तू?" महादेवने विचारलं.

हा प्रश्न अरबीत गेला आणि अबू फैसलने चक्क डोळे मिटले. पाच वर्षांपूर्वी फहाहीलमध्ये त्याने एक फ्रिज जप्त केला होता आणि तो शेजाऱ्याचा निघाला. त्या एका फ्रिजपायी तीन वर्षं चौकशी चालली, बढती गेली, आणि एकदा तर फ्रिजमध्ये असलेल्या मासळीचाही हिशोब मागितला गेला. तेव्हापासून त्याला देव सोडून एकाच गोष्टीची भीती होती, ती म्हणजे दुसऱ्याचा माल. "दुसऱ्याच्या काडीलाही मी हात लावणार नाही," असं त्याने फारूककरवी सांगितलं, आणि कागद मांडीवर घेऊन कामाला लागला.

खाट कंपनीची निघाली. पंखा घरमालकाचा. टीव्ही पुंडलिकाचा. फ्रिज म्हटल्यावर अबू फैसल दचकला, पण तोही पुंडलिकाचाच होता. शैलेशने जाताना फोनच्या पैशांऐवजी तो पुंडलिकाला दिला होता. फोनचं देणं महादेवच्या माथी असताना फ्रिज पुंडलिकाला का, हे फारूकने विचारलं, तेव्हा पुंडलिकाने पांघरूण पुन्हा डोक्यावरून घेतलं. गॅसची शेगडी सात जणांची मिळून, म्हणजे तिच्यात महादेवचा सातवा हिस्सा. अबू फैसल शेगडीभोवती एक फेरी मारून आला. शेगडीचा सातवा हिस्सा कसा उचलायचा ते काही त्याला सुचेना, म्हणून त्याने तो नाद सोडला. रंधा, करवत आणि पटाशी ही हत्यारं असल्यामुळे सुटली. शिवाय तीही कंपनीचीच होती.

मग त्याचं लक्ष खाटेशेजारच्या कार्टनकडे गेलं.

आखातात न गेलेल्या माणसाला कार्टन म्हणजे नुसतं पुठ्ठ्याचं खोकं वाटेल. ते तसं नाही. दोन वर्षं गावाहून पत्रं येत असतात आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी कुणाचं तरी काहीतरी मागणं असतं. कुणाला थर्मास, कुणाला टॉर्च, कुणाला दुधाच्या पावडरचा डबा, कुणाला नुसता वासाचा साबण. नाही म्हणायची सोय नसते, कारण तुमच्या मागे तुमच्या घराच्या कौलांवर तीच माणसं चढतात आणि तुमच्या आईला दवाखान्यात तीच नेतात. तर हे सगळं दोन वर्षं एकेक करून घ्यायचं आणि चाळीस किलोंत बसवायचं. मागच्या खेपेला महादेवने सामानावर नावं घातली नव्हती. भटजींसाठी नेलेला थर्मास तात्या खोताला गेला आणि तात्याने मागवलेला केसांचा कलप भटजींना मिळाला. भटजींनी तो लावलाही. तेव्हापासून त्या दोन घरांत बोलणं नव्हतं आणि दोन्ही घरं महादेववर रागावून होती. म्हणून या खेपेला त्याने फारूकच्या दुकानातून अडीचशे फिल्सचा, म्हणजे पाव दिनाराचा, काळा मार्कर आणला होता आणि प्रत्येक वस्तूला नावाची चिठ्ठी डकवली होती. फारूक मार्करचे पैसे घेत नव्हता, पण महादेवने ते गल्ल्यावर ठेवलेच.

"हे कुणाचं?" अबू फैसलने विचारलं. म्हातारा गडी पहिल्यांदाच खुशीत दिसत होता. एवढ्या मोठ्या खोक्यात शंभरेक दिनारांचा माल सहज असेल.

महादेव जाऊन कार्टनवर बसला. समिधाच्या लग्नाची सगळी बेगमी त्याच्यात होती आणि ती तिला दाखवायला फक्त चार दिवस उरले होते. त्याला रडूच यायचं बाकी होतं.

"माजं नाय हो यात काय. फारूकभाय, तुम्ही सांगा त्यांना. लोकांचं हाय."

"मंग उघड नि दाखव," फारूक म्हणाला. "उठ मेल्या, तुज्या बसण्याने कोर्ट थांबतंय होय?"

दोरी सोडायला वीस मिनिटं लागली, कारण महादेव ती कापू देईना. दोरी पुंडलिकाची होती. मग एकेक वस्तू बाहेर येऊ लागली. फारूक चिठ्ठी वाचायचा आणि अबू फैसल लिहायचा. थर्मास, भटजी. कलपाच्या दोन पुड्या, तात्या खोत. टॉर्च, सरपंच. ब्लँकेट, सीताबाई. मिक्सर, समिधा. काचेचे सहा पेले, समिधा. जरीची साडी, समिधा. छत्री, शाळेचे गुरुजी. नेलकटर, पोस्टमन. सतराव्या नंबरला सांधेदुखीच्या तेलाची बाटली निघाली. तिच्यावर नाव होतं रहिमाचाची.

"ह्ये माज्या आईचं," फारूकने अबू फैसलला सांगितलं. "मीच दिलंय याच्याकडं."

अबू फैसलने बाटली उन्हात धरली, वास घेतला आणि स्वतःच्या गुडघ्याकडे पाहिलं. पण माल दुसऱ्याचा. त्याने फारूकची रीतसर परवानगी मागितली, आईच्या वतीने ती मिळाल्यावर दोन थेंब गुडघ्याला चोळले, आणि यादीत सतराव्या नंबरपुढे 'थोडं वापरलेलं' असं लिहिलं.

शेवटी एक्केचाळीस वस्तू झाल्या आणि एक्केचाळिसांवर दुसऱ्याचीच नावं. अबू फैसल कागद बघत बसला. मग त्याने एक प्रश्न विचारला आणि फारूकने तो जरा नाराजीनेच मराठीत सांगितला.

"ते बोलतात, नावं लिवलीन कोनी? म्हादेवनं. कवा लिवलीन, त्याला काय पुरावा? काल रातीपन लिवलेली असतील. एकेका मालकानं आपल्या तोंडानं सांगायला पायजे की मी काय मागवलं होतं. न सांगता, न ऐकता. ज्याचं जुळंल त्याची वस्तू सुटंल. जुळलं नाय तर ती म्हादेवची."

"मालक गावाला हायत," महादेव म्हणाला.

"मंग फोन लाव, म्हनतात."

खोलीतला फोन तोडलेला होता. तो ज्या बिलासाठी तोडला होता त्याच बिलाची जप्ती चालू होती, आणि जप्तीसाठी फोन पाहिजे होता. या गोष्टीचं हसू खोलीत कुणालाच आलं नाही. फारूकने मुकाट्याने दुकानाची किल्ली काढली.

पुंडलिक आणि महादेवने अबू फैसलला दोन बाजूंनी धरून तीन मजले खाली उतरवलं. दुकानात तांदळाच्या पोत्यावर त्याची गादी झाली. फारूकने गावच्या रविकांतच्या दुकानाला फोन लावला. गावात फोन तेवढा एकच. रविकांत हा माणूस तसा फोन उचलायला आळशी, पण "कोर्ट" हा शब्द ऐकल्यावर त्याने दुकानाबाहेर येऊन अशी आरोळी ठोकली की ती म्हणे खाडीपलीकडे रहिमाचाचीच्या अंगणात ऐकू गेली. पंधरा मिनिटांत अख्खा गाव रविकांतच्या ओट्यावर रांगेत उभा होता. दुपारच्या साडेबाराचं ऊन. म्हादेव मेस्त्रीला कोर्टाने धरलाय, आणि आपण काय मागवलं होतं ते सांगितलं की तो सुटतो, एवढं सगळ्यांना कळलं होतं.

पहिले भटजी आले. ते म्हणाले, थर्मास, एक लिटरचा, आणि कृपा करून या खेपेला तरी मलाच द्या. जुळलं. तात्या खोताने कलपाचं नाव एवढ्या हळू आवाजात सांगितलं की रविकांतला ते पुन्हा मोठ्याने सांगावं लागलं, आणि ओट्यावर हशा पिकला. तेही जुळलं. गुरुजींनी छत्रीबरोबर तिच्या दांड्याचा रंगही सांगितला. पोस्टमन म्हणाला, नेलकटर आणि सेंटची बाटली. सेंट यादीत नव्हतं. अबू फैसलने पेन थांबवलं. नेलकटर जुळलं पण सेंट कुठे आहे, असं त्याने विचारलं. महादेवला खरं सांगावं लागलं की पैसे पुरले नाहीत. पोस्टमन फोनवरून म्हणाला की असू द्या, आणि त्याच्या आवाजावरून कळलं की ते तो लवकर असू देणार नाही.

सरपंचांनी घोटाळा केला. त्यांनी मागवला होता तीन सेलांचा टॉर्च, आणि कार्टनमध्ये होता दोन सेलांचा.

"दोन सेलाचा माजा नाय," सरपंच म्हणाले. "मी दोन सेलाचा टॉर्च कशाला मागवू? माज्या पडवीत उजेड तरी पडेल काय तेचा?"

अबू फैसलने टॉर्चसमोर खूण केली. ही वस्तू महादेवची ठरणार होती. महादेवने घाम पुसला. फारूकने रिसीव्हर तोंडाजवळ ओढला.

"सरपंच, तुमी माजा नाय बोललाव तर सरकार घेऊन जाईल तो."

"मंग माजा हाय," सरपंच लगेच म्हणाले. "पन कमी हाय, ह्ये लिवून घ्या."

अबू फैसलने तेही लिहून घेतलं. दुकानात मिनिटं चालली होती. फारूक घड्याळाकडे बघायचा आणि महादेवकडे बघायचं टाळायचा. चाळीस मिनिटांत गावच्या लोकांनी कुवेतच्या न्यायखात्याला आपापली सगळी मागणी नीट समजावून दिली. दोघा-तिघांनी पुढच्या खेपेचीही सांगून ठेवली.

मग महादेवची बायको सीताबाई आली. तिने ब्लँकेटचं नावसुद्धा काढलं नाही.

"मारलानी काय त्यांना?" तिने विचारलं. "खाल्लेनी काय कायतरी?"

ब्लँकेट म्हणा, असं मागून रविकांत कुजबुजला. तसं सांगायचं नसतं हे फारूकने त्याला ओरडून सांगितलं, पण तोवर तिने ब्लँकेट म्हटलं होतं. अबू फैसलने कुजबूज ऐकली होती की नाही कोण जाणे. त्याने बाईचा आवाज ऐकून मान खाली घातली आणि मुकाट्याने बरोबरची खूण केली.

शेवटी समिधा. तिला सगळं पाठ होतं. मिक्सर, पेले सहा, साडी जरीची, मोरपंखी नको लाल. तिन्ही जुळली. फारूक रिसीव्हर ठेवणार, तेवढ्यात ती म्हणाली, "फारूकचाचा, आनि एक राह्यलं. बाबांनी स्वोताला शर्ट घेतलान काय? मी तीन पत्रांत लिवलंय. कन्यादानाला जुना शर्ट घालून उभे राहू नका म्हनून."

फारूकने हे अरबीत सांगितलं. सांगायची काही गरज नव्हती, पण तासभर तो जे कानात पडेल ते सांगत आला होता. अबू फैसलने चष्मा वर केला आणि यादीवरून बोट फिरवत गेला. एक ते एक्केचाळीस. पुन्हा एक ते एक्केचाळीस. मग त्याचा चेहरा कडक झाला.

"ते बोलतात, शर्ट कुठं हाय?" फारूक म्हणाला.

"कुठला शर्ट?" महादेव म्हणाला.

"मुलीनं मागवलेला. मालक म्हादेव. एक नग. यादीत नाय. ते बोलतात, तू माल लपवलास."

आणि गुडघा दुखत असताना तो म्हातारा पुन्हा तीन मजले चढला. त्याने गादी उलटी केली. उशीचा अभ्रा काढला. फ्रिज उघडून बघितला, आणि तो परका फ्रिज आहे हे आठवून घाईघाईने बंद केला. दोरीवरचे महादेवचे तीन शर्ट त्याने एकेक करून उजेडात धरले. एकाची कॉलर उलटवून शिवलेली होती, दुसऱ्याच्या काखेत ठिगळ होतं, तिसऱ्यावर कंपनीचं नाव छापलेलं होतं. नवा शर्ट कुठेच नव्हता. महादेव भिंतीला टेकून हे बघत उभा होता, आणि सबंध सकाळीत त्याला जेवढी लाज वाटली नव्हती तेवढी आता वाटत होती. पुंडलिकही खाली बघत होता.

अबू फैसल खाटेवर बसला. मग त्याने नवा कागद घेतला, लिहिला, शिक्का मारला आणि सहीसाठी पुढे केला.

"झालं," फारूक म्हणाला. "सुटलास. कर सही."

"काय लिवलंय?"

"माकू."

माकू म्हणजे नाही. कुवेतला उतरलेला माणूस पहिला हाच शब्द शिकतो. पगार माकू, पाणी माकू, सुटी माकू. महादेवने तो चौदा वर्षं ऐकला होता. पण पेन हातात घेतल्यावर त्याचा हात हलेना.

"सगळं माकू?"

"सगळं. तेच तर पायजे आपल्याला."

"मी सही करनार नाय," महादेव म्हणाला.

फारूकला वाटलं की उन्हाने याचं डोकं फिरलं. "अरे, गुरुवारचं विमान हाय तुजं. पोरीचं लगीन हाय."

"म्हनूनच बोलतंय. चौदा वरसां झाली फारूकभाय. एवढं सरकार माज्या खोलीत आलं, गादी उलटी केलीन, नि काय नाय लिवून चाललं? शेगडी सात जनांची, दोरी पुंडल्याची, फोन तेवढा माजा. उद्या पोरीनं इचारलान की बाबा, तिकडं तुमचं काय होतं, तर ह्यो कागद दाखवू?"

सगळ्यांनी त्याला समजावलं. पुंडलिक तर पाया पडला. ज्या कागदासाठी सकाळपासून अख्खा गाव उन्हात उभा राहिला होता तो कागद महादेव घेईना. अबू फैसलने भांडण कशाचं चाललंय ते विचारलं आणि फारूकने सांगितलं. म्हाताऱ्याने आपल्या आयुष्यात सहीसाठी नाही म्हणणारी माणसं पुष्कळ पाहिली होती, पण ती सगळी जप्ती नको म्हणून. आपल्याकडचं काहीतरी जप्त करा म्हणून अडून बसलेला पहिलाच.

"मग दाखव म्हणावं," तो म्हणाला. "तुझं काय आहे?"

महादेवने खोलीभर बघितलं. मग त्याचा हात खिशात गेला आणि त्याने काळा मार्कर बाहेर काढला.

"ह्यो माजा. पैसे देऊन घेतलेला. फारूकभाय साक्षी हायत."

अबू फैसलने मार्कर हातात घेतला, टोपण उघडून एक रेघ ओढून बघितली. कागद फाडला आणि नवा लिहिला. मार्कर, काळा, एक, चालू स्थितीत, किंमत अडीचशे फिल्स. महादेवने सही केली, आणि सही करताना तो खुशीत होता हे सगळ्यांना दिसलं. मार्कर एका पाकिटात गेला, पाकिटाला लाख लागली, आणि सरकार तो घेऊन तीन मजले उतरून गेलं.

फारूक मग दोन दिवस त्याच्याशी नीट बोलला नाही. फोनचे नऊ दिनार झाले होते, पण राग त्याचा नव्हता. एकही वस्तू जप्त झाली म्हणजे प्रकरण लिलावाकडे जाणार, आणि लिलाव होईपर्यंत हप्ता बांधून मिळणार नाही आणि हप्त्याशिवाय देश सोडता येणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. गुरुवार हातचा गेल्यात जमा होता. महादेवलाही ते उशिरा कळलं, आणि मंगळवारभर तो बांधलेल्या कार्टनकडे बघत जेवला नाही. स्वतःच्याच मुलीचं लग्न त्याने अडीचशे फिल्सपायी घालवलं होतं, आणि तेही हट्टाने.

बुधवारी दुपारी अबू फैसल पुन्हा आला. या वेळी तो दुकानातच पोत्यावर बसला आणि महादेवला खाली बोलावून घेतलं. त्याने बॅगेतून दोन कागद काढले. लिलावाचा नुसता अर्ज छापायला पाचशे फिल्स लागतात, तेव्हा अडीचशेच्या मालाचा लिलाव करता येत नाही, असं वरिष्ठांनी लिहून दिलं होतं. म्हणून माल परत. दुसऱ्या कागदावर महिना पाच दिनारांचा हप्ता होता, पुढच्या महिन्यापासून. माणसाने गुरुवारी जायला हरकत नाही.

मग त्याने पाकीट दिलं. मार्करला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली होती आणि तिच्यावर सरकारी शिक्का होता.

"ह्यावर काय लिवलंय?" महादेवने विचारलं.

फारूकने वाचलं. "महादेव धोंडू मेस्त्री. मालक."

"पुन्ना वाचा."

"मालक, मालक. बास झालं आता."

महादेवने आणखी एकदा वाचून घेतलंच. कंपनीच्या कागदांत तो कामगार होता, फोनच्या कागदांत बाकीदार. मालक म्हणून त्याला कुवेतमध्ये कुणी लिहिलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते लपवले नाहीत. अबू फैसलने निघताना फारूककडून सांधेदुखीच्या तेलाची एक बाटली विकत घेतली, आणि पावती आपल्याच नावाची मागून घेतली.

संध्याकाळी महादेव फहाहीलच्या बाजारात गेला आणि दीड दिनाराचा एक शर्ट घेऊन आला. पांढरा, बारीक निळ्या रेघांचा. त्याने कागदाचा तुकडा कापला, चिठ्ठी लोंबणाऱ्या मार्करने त्याच्यावर 'महादेव' लिहिलं, आणि इतर एक्केचाळिसांना डकवलं होतं तसंच ते शर्टाच्या पुडक्यावर डकवलं. मग कार्टन दुकानातल्या काट्यावर ठेवलं. बरोबर चाळीस किलो भरलं होतं. शर्ट ठेवला तर पाव किलो वर जात होतं.

"शर्ट अंगात घालून जा की," फारूक म्हणाला.

"नाय. ह्यो घडी मोडून कन्यादानालाच घालायचा," महादेव म्हणाला, आणि दोरी सोडायला बसला.

शर्ट वरच्या थरात, समिधाच्या साडीशेजारी, नीट बसला. सरपंचांचा दोन सेलांचा टॉर्च मात्र कुवेतलाच राहिला, पुंडलिकाच्या खाटेखाली, नावाच्या चिठ्ठीसकट.